विश्लेषण : कुठूनही निघा, मुक्काम ६१७४! देवळालीच्या शाळामास्तरांचे गणित संगणकाबद्दल काय सांगते?

तासगावच्या एखाद्या कॉलेजच्या लॅबमध्ये विद्यार्थी प्रोग्रॅम लिहितो. तिथल्या मशीनवर तो झकास चालतो. तोच प्रोग्रॅम पेनड्राइव्हवरून सांगलीला नेला, की पडद्यावर नुसत्या चुकांच्या ओळी येतात. फाइल तीच, तिच्यातले अक्षर न् अक्षर तेच. मग फरक पडतो कुठे? फरक असतो डिस्कच्या ‘स्थिती’त. एका मशीनवर कधीतरी कोणीतरी टाकलेली एखादी लायब्ररी दुसऱ्यावर नसते, किंवा असते ती जुनी. तिची नोंद कुठेच नसल्याने ती आठवतही नाही.

गेल्या दोन दशकांत या दुखण्यावर ‘फंक्शनल पॅकेज मॅनेजर’ नावाचा उपाय निघाला. त्याच्या मुळाशी दोन प्रश्न आहेत. स्थितीचे वर्णन पूर्ण झाले आहे का? आणि त्या वर्णनावर ठरलेला नियम चालवला, तर उत्तर दर वेळी तेच येते का? हे दोन्ही प्रश्न कागद-पेन्सिल घेऊन आठवीतल्या मुलालाही तपासता येतात. त्यासाठी लागणारा खेळ १९४९ साली देवळालीच्या एका शाळाशिक्षकाने जगापुढे ठेवला. त्यांचे नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकर.

कापरेकर कोण होते?

जन्म १७ जानेवारी १९०५, डहाणूचा. वडील कारकून. त्यांना ज्योतिषाचा नाद होता, म्हणजे घरात आकडेमोड असायचीच. आठ वर्षांचे असताना आई गेली. माध्यमिक शिक्षण ठाण्याला झाले. कोडी आणि आकड्यांच्या गमती यांत तासन् तास घालवण्याची सवय शाळेतच लागली, ती पुढे सुटली नाही. १९२३ मध्ये ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आले. १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. गणितात स्वतंत्र काम करणाऱ्या विद्यार्थ्याला ते दिले जाई. १९२९ मध्ये ते बी.एस्सी. झाले आणि औपचारिक शिक्षण तिथेच थांबले. पुढची पदवी नाही, विद्यापीठातली जागा नाही, मार्गदर्शक नाही.

१९३० मध्ये ते नाशिकजवळच्या देवळालीत शिक्षक म्हणून रुजू झाले आणि १९६२ मध्ये तिथूनच निवृत्त झाले. बत्तीस वर्षे एकच गाव. लष्करी छावणी, रेल्वेचे स्टेशन आणि शाळा असलेल्या या गावाचे नाव गणिताच्या परदेशी नियतकालिकांत पोहोचले, ते या एका माणसामुळे.

प्रवासातही त्यांचे डोके आकड्यांतच असे. मुंबईपासून तीस मैलांवरच्या तेव्हाच्या जी.आय.पी. रेल्वेच्या डेमलो, म्हणजे आजच्या डोंबिवली स्टेशनवर त्यांना एका संख्यागटाची कल्पना सुचली. त्यांनी त्या संख्यांना ‘डेमलो संख्या’ असेच नाव देऊन टाकले. ११ चा वर्ग १२१, १११ चा वर्ग १२३२१ ही त्या गटातली सर्वांत देखणी मंडळी. आपल्याच अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांना त्यांनी ‘हर्षद’ म्हटले, म्हणजे आनंद देणाऱ्या. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० अधिक २५ पुन्हा ४५. अशा संख्यांना आज जगभर ‘कापरेकर संख्या’ म्हणतात.

६१७४चा खेळ काय आहे?

कोणतीही चार अंकी संख्या घ्यायची. अट एकच, चारही अंक सारखे नकोत. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडायचे, मग चढत्या क्रमाने मांडायचे आणि मोठीतून लहान वजा करायची. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करायचे.

समजा ३५२४ घेतली. ५४३२ वजा २३४५ बरोबर ३०८७. मग ८७३० वजा ०३७८ बरोबर ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ बरोबर ६१७४. आणि ६१७४ वर तीच कृती केली, तर ७६४१ वजा १४६७ बरोबर ६१७४. गाडी तिथेच थांबते. संख्या कोणतीही घ्या, जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येतेच. १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत कापरेकरांनी ही गोष्ट मांडली आणि १९५५ मध्ये न्यू यॉर्कच्या ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’मध्ये ती छापून आली. आज ६१७४ ला ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणतात.

हे जादूसारखे वाटते, पण आतली यंत्रणा बघण्यासारखी आहे. अंक उतरत्या क्रमाने लावल्यावर पहिल्या आणि चौथ्या अंकातला फरक घ्या, तसाच दुसऱ्या आणि तिसऱ्यातला. वजाबाकीचे उत्तर फक्त या दोन फरकांवर ठरते: पहिल्या फरकाची ९९९ पट अधिक दुसऱ्याची ९० पट. ३५२४ साठी हे फरक ३ आणि १, म्हणून २९९७ अधिक ९० बरोबर ३०८७. दुसरा फरक पहिल्यापेक्षा मोठा असूच शकत नाही. त्यामुळे या दोन फरकांच्या जोड्या होतात अवघ्या ५४. ०००० ते ९९९९ पर्यंतच्या दहा हजारांतून सारख्या अंकांच्या दहा संख्या वगळल्या, तर सुरुवातीच्या जागा ९,९९०. पहिल्याच वजाबाकीनंतर त्या सगळ्या ५४ जागांवर येऊन बसतात. पुढची गर्दी आणखी कमी होत जाते आणि शेवटी एकच उरते.

शून्य गाळले तर?

या खेळात मुलांची हमखास होणारी चूक फार बोलकी आहे. १००० घ्या. १००० वजा ०००१ बरोबर ९९९. आता ‘९९९’ असेच लिहिले, तर पुढे ९९९ वजा ९९९ बरोबर शून्य. खेळ खलास, नियम खोटा ठरला! पण तेच उत्तर ‘०९९९’ असे चार घरांत लिहिले, तर ९९९० वजा ०९९९ बरोबर ८९९१, पुढे ८०८२, पुढे ८५३२ आणि मग ६१७४.

म्हणजे नियम चुकला नव्हता, वर्णन अपुरे होते. पुढचे शून्य दिसायला काहीच नाही, पण ते स्थितीचा भाग आहे. उलट अंकांचा क्रम दिसायला महत्त्वाचा, पण या नियमाला त्याचे सोयरसुतक नाही. ३५२४ घ्या की ५२४३, पुढचा प्रवास एकच. कशाची नोंद ठेवायची आणि काय बिनदिक्कत विसरायचे, हे नियमच ठरवतो. तासगाव आणि सांगलीच्या मशीनमध्ये जे बिघडले होते, ते नेमके हेच. तिथेही कोणीतरी पुढचे शून्य लिहायला विसरले होते.

डिस्कवर हे कसे चालते?

पॅकेज मॅनेजर म्हणजे संगणकावर सॉफ्टवेअर आणणारा, बदलणारा आणि काढणारा प्रोग्रॅम. नेहमीचा पॅकेज मॅनेजर आहे त्या डिस्कवरच फेरफार करतो. जुनी फाइल पुसून त्या जागी नवी ठेवतो. त्यामुळे आजची स्थिती काल काय केले, परवा काय केले आणि कोणत्या क्रमाने केले, या साऱ्यावर अवलंबून राहते. तीच आज्ञा दोन मशीनवर दिली, तरी निकाल वेगळा येऊ शकतो.

नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठात एल्को डोल्स्ट्रा यांनी २००३ च्या सुमारास ‘निक्स’ हा पॅकेज मॅनेजर सुरू केला आणि २००६ मध्ये त्यावर पीएच.डी.चा प्रबंध लिहिला. २०१२ पासून ‘गिक्स’ हा त्याच धर्तीवरचा दुसरा पॅकेज मॅनेजर आला. यांत प्रत्येक सॉफ्टवेअर हे गणितातल्या फलनाचे उत्तर मानले जाते. मूळ कोड, कंपायलर, लागणाऱ्या लायब्ऱ्या आणि सेटिंग हे सगळे आत घालायचे. तयार फोल्डर हे त्याचे उत्तर. आत जे घातले, त्या साऱ्यावरून ‘हॅश’ नावाची ३२ अक्षरांची खूण काढतात आणि ती त्या फोल्डरच्या नावातच येते. आत घातलेल्यांपैकी एक जरी बदलले, तरी खूण बदलते आणि नवे फोल्डर वेगळ्या जागी तयार होते. जुने जिथल्या तिथे राहते, म्हणून काही बिघडले तर कालच्या स्थितीवर सहज परतता येते.

वापरणारा माणूस आज्ञा देत नाही, वर्णन लिहितो: मशीनवर हे हवे, ते हवे, अमुक सेवा सुरू हवी. निक्स आधी त्या वर्णनाचा हिशेब करतो, नेमके काय तयार व्हायला हवे ते ठरवतो, आणि मगच ते बांधायला घेतो. बांधणीच्या वेळी इंटरनेट आणि डिस्कवरच्या इतर फाइल्स शक्यतो बंद ठेवल्या जातात, म्हणजे वर्णनात न लिहिलेली वस्तू चोरपावलांनी आत येऊ नये. पुढचे शून्य विसरलात, तर बांधणी तिथेच अडते. सांगलीला जाऊन कळायची वेळ येत नाही.

आणि विसरण्याचे कामही निक्स तितक्याच काटेकोरपणे करतो. फाइल कधी तयार झाली याची वेळ तो पुसून टाकतो. त्याच्या भांडारातली प्रत्येक फाइल १ जानेवारी १९७० ची दिसते. आज बांधले की दिवाळीत बांधले, याला अंकांच्या क्रमाइतकीच किंमत.

कापरेकरांचा या मंडळींशी थेट संबंध काहीही नाही, आणि तसा तो जोडूही नये. डोल्स्ट्रांच्या कामाचा वारसा अलोन्झो चर्च आणि हॅस्केल करी या अमेरिकी तर्कशास्त्रज्ञांकडे जातो. ते फलनांचे शास्त्र उभारत होते १९३० च्या दशकात. त्याच दशकात देवळालीत एक तरुण शिक्षक वर्गावर जायला लागला होता.

मग त्यांना गंभीरपणे का घेतले नाही?

कारण त्या काळी, आणि बऱ्याच अंशी आजही, अंकांच्या अशा गमतींना गणितात मानाचे पान नाही. केंब्रिजचे जी. एच. हार्डी, रामानुजनना इंग्लंडला बोलावणारे तेच, यांनी १९४० च्या आपल्या प्रसिद्ध पुस्तकात अशा गमतींची उदाहरणेच दिली होती. ८७१२ ही २१७८ च्या चौपट आणि ९८०१ ही १०८९ च्या नऊपट, दोन्हीकडे अंक उलटे होतात. वर्तमानपत्रातल्या कोड्यांच्या सदराला हे छान आहे, गणितज्ञाला त्यात काही नाही, असा त्यांचा निकाल होता.

या आक्षेपात तथ्य नाही असे नाही. ६१७४ ची करामत दशमान पद्धतीवर उभी आहे. दहाऐवजी दुसरा पाया घेतला की ती संख्या उरत नाही. कापरेकरांनी या निरीक्षणांतून एखादा मोठा सर्वसाधारण सिद्धांतही उभा केला नाही. ते एकामागून एक नमुने शोधत गेले, त्यांना नावे देत गेले. पण हार्डींच्या मापाने मोजताना एक गोष्ट निसटते. एखादी कृती पुन्हा पुन्हा केली की ती कुठे थांबते, थांबते की फिरत राहते, आणि थांबली तर तिथून मागे जाता येते का, हे प्रश्न पोरखेळ नाहीत. संगणकशास्त्राचा बराच भाग याच प्रश्नांवर चालतो. कापरेकर ते प्रश्न योग्य जागी विचारत होते. उत्तरे मात्र अंकांच्या भाषेतच मिळत होती.

मोठ्या नियतकालिकांनी दारे उघडली नाहीत, तेव्हा त्यांनी कमी नावाजलेल्या नियतकालिकांत लिहिले आणि छोट्या पुस्तिका स्वतःच छापून घेतल्या. डेमलो संख्यांवर एक, आवर्ती दशांशांवर एक, स्वयंभू संख्यांवर एकाहून अधिक. शाळामास्तरांच्या पगारात छपाईचा खर्च काय होत असेल, ते सांगायला नको. ज्या शास्त्रात उत्तर कोणी काढले याला किंमत नसते, त्या शास्त्रात त्यांचे काम मात्र आधी त्यांच्या पदवीवरून जोखले गेले.

‘स्वयंभू’ संख्या आणि हरवलेला जनक

६१७४ पेक्षा त्यांचे अधिक खोल काम बहुधा हेच. कोणतीही संख्या घ्या आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. २१ मध्ये ३ मिळवले की २४. २४ मध्ये ६ मिळवले की ३०. मग ३३, मग ३९. इथे २१ ही २४ ची ‘जनक’. आता उलटा प्रश्न: प्रत्येक संख्येला जनक असतोच का? नसतो. २० कुठूनच येत नाही. १० पासून ११ मिळतात, १४ पासून १९, १५ पासून २१. २० मध्येच राहून जाते. १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२ या अशाच. कापरेकरांनी त्यांना ‘स्वयंभू’ म्हटले. देवळालीवरून त्यांना ‘देवळाली संख्या’ असेही म्हणतात.

काही संख्यांना याउलट दोन जनक असतात. ९१ मध्ये १० मिळवले तरी १०१, आणि १०० मध्ये १ मिळवला तरी १०१. नुसत्या १०१ कडे बघून ती कुठून आली ते सांगता येत नाही. नियमाने पुढे जाणे सोपे, मागे येण्याची वाट मात्र पुसलेली.

ही अडचण तासगावकरांना समजावून सांगण्याची गरज नाही. सौद्याला मांडलेल्या बेदाण्याच्या ढिगाकडे बघून रंग कळतो, जाडी कळते, चव कळते. पण तो कोणाच्या बागेतला, हे पेटीवरची चिठ्ठीच सांगते. चिठ्ठी गेली की माल उरतो, त्याचा माग उरत नाही. निक्समध्ये फोल्डरच्या नावातच हॅश असते, ती ही न सुटणारी चिठ्ठी. निकाल १०१ असला, तरी तो ९१ वरून आला की १०० वरून, हे नावावरूनच वेगळे कळते.

उत्तर स्थिरावलेच नाही तर?

तीन अंकी संख्यांवर कापरेकरांची कृती केली, की ४९५ येते. चारला ६१७४. पाच अंकांना मात्र अशी एकही संख्या नाही, आकडे वर्तुळात फिरत राहतात. दोन अंकांत हे डोळ्यांनी दिसते: ०९ पासून ८१, मग ६३, मग २७, मग ४५, आणि ४५ पासून पुन्हा ०९. घाण्याच्या बैलासारखे.

नियम लावूनही जी बदलत नाही, तिला गणितात ‘स्थिरबिंदू’ म्हणतात. ६१७४ हा तसा स्थिरबिंदू. निक्समध्ये वर्णनाचा हिशेब करताना हीच कल्पना कामाला येते. तिथे वर्णनाचा एक भाग दुसऱ्या भागाच्या अंतिम उत्तरावर अवलंबून असतो आणि दुसरा तिसऱ्याच्या. सगळ्यांचा मेळ बसेल असे उत्तर शोधायचे असते, म्हणजे जे वर्णनात परत घातले तरी तेच बाहेर येईल. मेळ बसला तर मशीन तयार. दोन भाग एकमेकांच्याच तोंडाकडे बघत राहिले, तर निक्स हिशेब अर्ध्यावर सोडतो आणि हे न संपणारे आवर्तन आहे असे सांगून थांबतो. डिस्कला तोवर हातही लागलेला नसतो.

अखेरची वर्षे

१९६२ मध्ये नोकरी संपली. १९६६ मध्ये पत्नीचे निधन झाले. निवृत्तिवेतन पुरत नव्हते, म्हणून गणित आणि विज्ञानाच्या शिकवण्या करून ते गुजराण करत राहिले. आकड्यांचे काम त्यातही सुटले नाही. १९६३ मध्ये स्वयंभू संख्यांवरची आणखी एक पुस्तिका निघाली.

मार्च १९७५ मध्ये अमेरिकेच्या ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये मार्टिन गार्डनर यांनी आपल्या गणितरंजनाच्या सदरात कापरेकरांच्या कामाबद्दल लिहिले. गार्डनर यांचे सदर जगभरचे गणितप्रेमी वाचत. तोवर कापरेकर सत्तरीत पोहोचले होते आणि ६१७४ ला पंचवीस वर्षे उलटून गेली होती. त्यानंतर मात्र स्वयंभू संख्यांवर, कापरेकर संख्यांवर आणि त्यांच्या कृतीवर देशोदेशी लेख येऊ लागले. संगणक स्वस्त झाल्यावर त्यांची कृती प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या मुलांच्या सरावात गेली, आजही आहे. १९८६ मध्ये देवळालीतच त्यांचे निधन झाले.

संख्यामालिकांच्या आंतरराष्ट्रीय कोशात स्वयंभू संख्यांच्या नोंदीखाली संदर्भांची यादी आहे. इतर पुस्तकांपुढे बड्या विद्यापीठांची आणि प्रकाशनसंस्थांची नावे येतात. १९६३ च्या त्या पुस्तिकेपुढे प्रकाशकाचे नाव नाही. खासगी छपाई, देवळाली कॅम्प, एवढेच लिहिलेले आहे.